सायकलला डायनामोचे दिवे: बाटली की हब, आणि तारा कशा जोडायच्या?

रातवा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, वेळेत पुरी झाली. २० तासांची मुदत, सकाळी सहाला सुटलो, म्हणजे शेवटचे सहा-सात तास अंधारातच. साताऱ्याहून परत येताना शिरवळ मागे पडलं आणि माझा पुढचा दिवा विझला. चार्जिंगचा दिवा होता, घरून पूर्ण भरून नेलेला. खोक्यावर बारा तास लिहिलंय, सहाही चालला नाही. जवळचा सुटा दिवा जेमतेम चाकापुढचं दाखवत होता. पुण्यापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर एका सोबत्याच्या उजेडात त्याच्या डाव्या अंगाने काढले. त्याच्या पुढच्या चाकात हब डायनामो होता, म्हणजे चाकाच्या मधल्या हबमध्येच बसवलेला डायनामो. आवाज नाही, बॅटरी नाही, आणि खड्डा चांगला लांबून दिसत होता. त्या रात्रीच ठरवलं.

आता पुढे ४०० आहे. २७ तास, म्हणजे सबंध रात्र रस्त्यावर. सायकल हायब्रिड आहे, ॲल्युमिनियमची फ्रेम, पोलादी फोर्क, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, चाकं ७०० सी, पुढे ३२ आरे.

टायरला घासणारी बाटली (बाटलीच्या आकाराचा डायनामो) लावू की हब? दिवा कोणता? आणि तारा स्वतः जोडता येतील का? इलेक्ट्रिकचं मला फ्यूज बदलण्यापलीकडे काही येत नाही.

चाकदुरुस्ती

मिरजेत ३२ वर्षं सायकलचं दुकान चालवलं, म्हणून बाटलीबद्दल अधिकाराने बोलतो. एके काळी दिवसाला दोन-तीन बसवायचो. रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की चौकात हवालदार अडवायचे, त्यामुळे कॉलेजातल्या पोरापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना डायनामो हवा असायचा. त्याची ती घूंऽऽ अशी घरघर ऐकून वडील घरी आल्याचं आम्हाला आतून कळायचं.

बाटली वाईट नाही, बसवणारे घाई करतात. डायनामोच्या मधून एक रेघ ओढली असं समजा. ती रेघ बरोबर चाकाच्या आसातून गेली पाहिजे. मी सुतळी धरून बघायचो. ती जरा तिरकी असली की डायनामोची चकती टायरवर फिरण्याऐवजी खरवडते, पायाला जड लागतं आणि दोन महिन्यांत टायरची कड जाते. चाकाला आऊट असेल, म्हणजे ते वाकडं फिरत असेल, तर आधी आऊट काढा. नाहीतर प्रत्येक फेरीत एकदा दाब सुटतो आणि दिवा डोळा मारतो. आणि ब्रॅकेटचा नट दर महिन्याला आवळा. ढिली बाटली आऱ्यांत गेली तर माणूस हॅण्डलवरून पुढे पडतो. असे दोघे माझ्या दुकानात आलेले आहेत, एकाचा दात गेला होता.

पण तुमच्या कामाला मी बाटली देणार नाही. पावसात ओल्या टायरवर ती घसरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर टायर ओलाच. शिवाय तुमच्या टायरची कड पातळ असणार. बाटलीसाठी कडेला दातेरी पट्टी असलेला टायर लागतो. श्वाल्बेच्या मॅरेथॉनला ती असते, सगळ्यांना नसते.

ठिणगी

रातवा, तारा तुम्हाला नक्की जोडता येतील. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते, आणि दरवर्षी सायकलचा डायनामो वर्गात नेते. त्याच्याइतकं सुंदर यंत्र स्वस्तात दुसरं मिळत नाही. एकच गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं आपोआप सुटेल.

डायनामो म्हणजे बॅटरी नव्हे. बॅटरी व्होल्टेज कायम ठेवते आणि दिव्याला हवा तेवढा करंट घेऊ देते. डायनामोचं उलटं आहे. तो साधारण अर्धा अँपिअर ढकलत राहतो, व्होल्टेज दिवा ठरवतो.

असं का होतं? चाक दुप्पट वेगाने फिरलं की गुंडाळीत तयार होणारं व्होल्टेज दुप्पट होतं. पण हा एसी आहे, त्यामुळे त्याची फ्रीक्वेन्सीही दुप्पट होते, आणि फ्रीक्वेन्सीबरोबर त्याच गुंडाळीचा स्वतःचा अडथळाही दुप्पट होतो. दोन्ही बरोबरीने वाढतात, करंट जागच्या जागी राहतो. उतारावर ५० च्या वेगानेही तो अर्ध्या अँपिअरच्या फार पुढे जात नाही. रेग्युलेटर नाही, सर्किट नाही, नुसत्या तांब्यात आणि लोखंडात ही शिस्त बसवलेली आहे. मला दरवर्षी शिकवतानाही याचा आनंद होतो.

आता जुन्या दिव्यांचं एक कोडं. पुढचा बल्ब ६ व्होल्ट २.४ वॅटचा, मागचा ०.६ वॅटचा. म्हणजे पुढे ०.४ अँपिअर, मागे ०.१, बेरीज बरोबर अर्धा. मागचा बल्ब उडाला की त्याचा वाटाही पुढच्यात घुसतो आणि थोड्याच दिवसांत पुढचाही जातो. पुढचा आधी गेला तर बिचाऱ्या मागच्यावर पाचपट करंट, तो त्याच क्षणी खलास. लोक म्हणायचे, "डायनामो बल्ब खातो." डायनामो आपलं काम चोख करत होता, फक्त करंटला जायला दुसरी वाट उरत नव्हती.

यातून दोन नियम निघतात. बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा थेट डायनामोला जोडू नका. त्याला एसी चालत नाही, आणि भार नसताना डायनामोचं व्होल्टेज सहाच्या कितीतरी वर जातं. डायनामोसाठीच बनवलेला दिवा घ्या, त्यात एसीचा डीसी करणारा भाग आणि जादा व्होल्टेजपासून संरक्षण आतच असतं. आणि दुसरं, दोन टोकं चुकून एकमेकांना चिकटली तर घाबरू नका. शॉर्ट झाला तरी करंट तोच अर्धा अँपिअर, काही जळत नाही.

चाकदुरुस्ती

ठिणगीताई, बल्बचं हे कोडं आज उलगडलं. गिऱ्हाईक परत आलं की मी दोन्ही बल्ब एकदम बदलायचो. अनुभवाने कळलं होतं, कारण माहीत नव्हतं.

नेकारकाठ

मी दहा वर्षं जर्मनीत ट्युबिंगनला राहतो आणि रोज सायकलनेच कामावर जातो. योगायोग असा की नावाजलेला श्मिटचा हब डायनामो याच गावचा. इथे २०१३ पर्यंत जवळजवळ प्रत्येक सायकलला डायनामो कायद्यानेच सक्तीचा होता, त्यानंतर बॅटरीचे दिवेही चालतात. त्यामुळे ६ व्होल्ट ३ वॅट हे माप इथल्या दिव्यांच्या हाडात मुरलेलं आहे. हिवाळ्यात मी सकाळीही अंधारात निघतो आणि संध्याकाळीही अंधारातच परततो, तरी दिवा चार्ज केलाय का हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत डोक्यात आलेला नाही.

हब नवीन नाहीत. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने १९३६ मध्येच डायनोहब काढला होता. आज शिमानो, तैवानची एसपी आणि श्मिट या तिघांत बहुतेकांची निवड होते. शिमानो स्वस्त आणि दणकट, श्मिट महाग आणि वर्षानुवर्षं विसरून जावा असा, एसपी हलका. हबवर ३ वॅट लिहिलंय ना, ते पाहून घ्या. दीड वॅटचेही मिळतात, त्यावर एलईडी दिवा चालतो, पण फोन चार्ज करायची आशा सोडावी लागते. तुमच्या डिस्कला सहा बोल्ट आहेत की सेंटरलॉक (मधली एकच रिंग), फोर्कला क्विक रिलीज आहे की थ्रू एक्सल (आरपार जाणारा जाड आस), हे आधी बघा. छोट्या २० इंची चाकांचे हब वेगळे असतात.

दिव्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. लोक ल्युमेनचे, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे, आकडे बघतात. टॉर्चसारखा गोल झोत रस्त्यापेक्षा झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. इथल्या नियमाच्या दिव्यांचा झोत मोटारीच्या लो बीमसारखा वरून कापलेला असतो, सगळा उजेड रस्त्यावर. लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, तो दहा मीटरवर सर्वांत तेजस्वी जागी मोजतात. कायद्याला दहा लक्स पुरतात, बुश उंड म्युलर या जर्मन कंपनीचा आयक्यू-एक्स दिवा शंभरचा आहे. माझ्या मते साठ-सत्तरला घाट आरामात उतरता येतो. झोताची रुंदी आणि कडेपर्यंतचा एकसारखेपणा जास्त महत्त्वाचा. भारतात अरुंद रस्त्यावर समोरून येणारा सायकलवाला किंवा पायी जाणारा माणूस आपल्या दिव्याने आंधळा होऊ नये, हे बघायलाच हवं.

आणि स्टँडलाइट असलेलाच घ्या, पुढचा आणि मागचा दोन्ही. आत कपॅसिटर असतो, सिग्नलला थांबलात तरी काही मिनिटं दिवा राहतो.

बांधावरून

माझा प्रश्न वेगळा आहे, रातवा, तुमच्या धाग्यात घुसतोय. वडिलांची जुनी २८ इंची काळी सायकल मी गेल्या वर्षी नव्याने रंगवून घेतली, पावडर कोटिंग केलं. बाटली तीच, दिवा तोच, बल्ब नवे घातले. डायनामो फिरतो, दिवे लागत नाहीत. रंगवायच्या आधी लागत होते. वडील रोज विचारतात. आणि यात हब बसेल का?

चाकदुरुस्ती

बांधावरून, तुमचा दिवा रंगाने अडवलाय. जुन्या सायकलला दिव्याकडे एकच तार जाते, परतीची वाट म्हणजे सायकलचं लोखंड. बाटलीच्या ब्रॅकेटला एक टोकदार स्क्रू असतो बघा. लोक त्याला बिनकामाचा समजून हरवतात. तो रंग फोडून लोखंडात रुतला पाहिजे. तो आवळा. मग दिव्याचा ब्रॅकेट जिथे बसतो तिथला, आणि मागच्या दिव्याचा मडगार्डवर बसतो तिथला, नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने काढा. जोडणी झाल्यावर वरून ग्रीस लावा, गंज चढणार नाही. मडगार्डही रंगवलं असेल तर ते फ्रेमला जिथे नटाने जोडलंय ती जागाही साफ करा.

हबचं म्हणाल तर नका. जुन्या सायकलच्या फोर्कमधलं अंतर नव्याच्या १०० मिलिमीटरपेक्षा कमी असतं, आसही बारीक. फोर्क फाकवून आणि खाच कानशीने घासून बसवता येतो, पण वडिलांची सायकल कशाला कापता?

बांधावरून

लागले! दोन्ही लागले. तो स्क्रू मी खरंच काढून डब्यात ठेवला होता. वडिलांनी संध्याकाळी बांधापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. चाकदुरुस्तीकाका, तुम्हाला नमस्कार.

रातवा

हब आला. चाक इथल्याच एका मेकॅनिककडून बांधून घेतलं. जुने आरे वापरता आले नाहीत, हबची कड मोठी असल्याने आखूड आरे लागले. काल रात्री तारा जोडल्या. हबच्या दोन टोकांतून दोन तारा दिव्याला, दिव्याच्या मागून दोन तारा मागच्या दिव्याला. चाक उचलून जोरात फिरवलं. काही नाही. पुढेही नाही, मागेही नाही. तारा काढून परत लावल्या, तसंच. दिवा खराब आला असेल का?

ठिणगी

दिवा परत पाठवू नका. एक प्रयोग करा. दिवा ब्रॅकेटसकट फोर्कवरून सोडवा, तारा तशाच राहू द्या, कुणाला तरी तो हवेत धरायला सांगा. कोणत्याही धातूला लागता कामा नये. आता चाक फिरवा.

रातवा

ठिणगीताई!! लागला! बहिणीने हातात धरला आणि सगळी भिंत उजळली. फोर्कला टेकवला की विझतो. हे काय आहे?

ठिणगी

हबच्या दोन टोकांपैकी एक आतून आसाला जोडलेलं आहे, आस फोर्कला टेकतो. तुमच्या दिव्याचंही एक टोक त्याच्या ब्रॅकेटमधून फोर्कला टेकतंय. तुम्ही तारा उलट लावल्यात. हबचं जिवंत टोक दिव्याच्या अर्थला (परतीच्या टोकाला) गेलं, तिथून ब्रॅकेट, फोर्क, आस, आणि परत हब. सगळा करंट या आडवाटेने घरी चाललाय, दिव्यात शिरतच नाही. हवेत धरल्यावर ती वाट तुटली.

हबच्या प्लगजवळ एका टोकाला अर्थची खूण असेल, एकाखाली एक छोट्या होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. तशीच खूण दिव्यावर असेल. खूण खुणेला जोडा. मागच्या दिव्यालाही तोच नियम. जोडतारेतल्या एका तारेवर रेघ असते, ती तुम्ही एकदा अर्थ ठरवली की पुढून मागपर्यंत अर्थच ठेवा. फ्रेमवर परतीसाठी अवलंबून राहू नका, दोन्ही तारा शेवटपर्यंत न्या.

आणि मागचा दिवा थेट हबला नको, तुम्ही केलंय तसंच पुढच्या दिव्याच्या मागच्या टोकांतून घ्या. म्हणजे एका बटणावर दोन्ही.

रातवा

झालं. तारा बदलल्या, दोन्ही दिवे फोर्कवर, मडगार्डवर, हवेत, सगळीकडे लागतात. आता तारा नीट बांधायच्या आहेत. कशा न्याव्यात?

चाकदुरुस्ती

हबचा प्लग बसल्यावर उजव्या हाताला येऊ द्या आणि वर, फोर्कच्या रेषेत ठेवा. चाक काढताना आधी प्लग ओढायचा, ही सवय हाताला लावा. पंक्चरच्या गडबडीत रात्री लोक तार तोडतात.

फोर्कवरून वर येताना हॅण्डलच्या खाली एक सैल वेढा ठेवा. हॅण्डल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, तार कुठे ताणत नाही ना. दहातले नऊ दोष मी तिथेच पाहिले. तार बाहेरून तुटलेली दिसत नाही, आतला तांब्याचा धागा तुटतो, आणि दिवा फक्त डावीकडे वळताना जातो. मग माणूस आठवडाभर बल्ब बदलत बसतो. पुढे मागच्या ब्रेकच्या केबलच्या सोबतीने न्या, वीत-वीत अंतरावर टाय बांधा, मागे मडगार्डच्या काडीवरून दिव्यापर्यंत.

ठिणगी

जोडाच्या ठिकाणी नुसती पिळून टेप लावू नका, पावसाळ्यात टेपखाली हिरवं पडतं. सोल्डर करा किंवा लग दाबून बसवा, वर हीट श्रिंक. तार अशी बांधा की ताण जोडावर येणार नाही. टोकांना बसवण्याआधी बोटभर व्हॅसलीन लावलं तरी गंज बराच लांबतो.

हब मात्र कधीही नेहमीच्या बेअरिंगसाठी उघडू देऊ नका. आत गुंडाळीची बारीक तार आसातून बाहेर येते, आस फिरवला की तुटते.

निवांत

वाचक म्हणून मजा येतेय. यावर फोन चार्ज होतो म्हणतात, ते खरं का? आणि पायाला किती जड लागतं?

ठिणगी

जड किती, ते गणित करून सांगते. दिव्यांना ३ वॅट द्यायचे तर चांगल्या हबला तुमच्याकडून साधारण पाच वॅट लागतात. ताशी २० च्या वेगाने, सायकलसकट ८५ किलोचा माणूस धरला तर हे दर किलोमीटरला सुमारे एक मीटर जादा चढण्यासारखं आहे. रातवांच्या ४०० मध्ये समजा १५० किलोमीटर रात्रीचे, म्हणजे सगळ्या रात्रीत दीडशे मीटर. बंद असताना जेमतेम जाणवतो. बाटलीला याच्या दीडपट किंवा जास्त.

फोन होतो, पण धीर धरावा लागतो. फोनच्या पाच हजार एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात. दिवे बंद ठेवून, बरा वेग राखून तुमच्या पदरात अडीच वॅट पडले, तर सात-आठ तास. दिवे आणि चार्जिंग एकदम केलं तर दोघेही उपाशी. दिवसा पॉवर बँक भरा, रात्र दिव्याला द्या.

रातवा

४०० झाली, २५ तास १० मिनिटं.

जरा सविस्तर लिहितो, कारण हे तुमच्यामुळे झालं. अंधार पडला तेव्हा पुण्याकडून खंबाटकी चढत होतो. वेग सात-आठ. दिवा मंद नव्हता, पण एका वळणावर ट्रकला वाट द्यायला अगदी पायी चालण्याइतका हळू झालो तेव्हा उजेड थरथरायला लागला. ठिणगीताईंचा एसी डोळ्यांना दिसला म्हणायचं. थांबलो तरी स्टँडलाइट होता. माथा ओलांडून उतार लागला आणि झोत एका ठिकाणी स्थिर झाला. ४० च्या वेगाला जेवढा, तेवढाच ५० ला. करंट कसा जागच्या जागी राहतो ते डोक्यात होतं, त्यामुळे त्या उताराचा मला फार आनंद झाला.

दिवा हॅण्डलवर न लावता फोर्कच्या डोक्यावर लावला होता. खालून पडणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावली लांब पडते, खड्डा लवकर कळतो. फक्त चाकाची सावली अगदी पुढ्यात येते, तिची सवय व्हायला तासभर गेला. साताऱ्यापुढे मध्यरात्री एक म्हातारे आजोबा हातात काठी घेऊन समोरून चालत येत होते. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला नाही. नेकारकाठ, त्या क्षणी तुमची आठवण झाली.

सुटा बॅटरीचा दिवा नियमाप्रमाणे सोबत होता, पिशवीतून काढावा लागला नाही.

नेकारकाठ

अभिनंदन! सकाळी कामावर जाण्याआधी वाचलं, आणि आज दिवा लावून निघताना फार बरं वाटलं.

चाकदुरुस्ती

शाब्बास. नवं चाक ना? ४०० किलोमीटर झाले, आता आरे बसले असतील. आज-उद्या ताण तपासून घ्या, ६०० ला जाण्याआधी नक्की. एक-एक आरा बोटाने छेडून ऐका, एखादा बद्द वाजला तर त्याची निपल पाव फेरी आवळा.

रातवा

काका, आत्ताच छेडून बघितलं. प्लगच्या बाजूचे दोन बद्द वाजतायत. संध्याकाळी आऊट काढायला नेतो.